‘४८३१’ : एका अंकाचे अर्थांतर

यंत्रयुगात अनेक पदार्थांना नावांऐवजी अंक देण्याचा प्रघात पडला. नावाचा अर्थ काळाच्या ओघात पालटतो, अंकाचा मात्र पालटत नाही, ही समजूत त्यामागे असावी. या समजुतीची परीक्षा पाहण्यास अमेरिकेतील रायफलीच्या दारूचा इतिहास हे एक चांगले क्षेत्र आहे. त्या देशात शिकारी व नेमबाज यांचा एक मोठा वर्ग झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जपून ठेवतो आणि तीत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवून घरच्या घरी पुन्हा काडतुसे तयार करतो. दारू किती भरावयाची हे छापील कोष्टकावरून ठरते. हे माप ग्रेनमध्ये असते, आणि एका पौंडाचे सात हजार ग्रेन होतात. कोष्टकात दारूचा निर्देश केवळ नावाने किंवा अंकाने असतो. कारखान्याने एखादी दारू करणे सोडले, तरी तिचे डबे घरोघर उरतात आणि तिची कोष्टके ग्रंथांतून उरतात. अशा वेळी त्या अंकाचा अर्थ कोणता, हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. त्याच्या उत्तरावर बंदुकीची नळी आणि नेमबाजाचे डोळे अवलंबून असतात.

१

या क्षेत्रात नाव टिकून पदार्थ पालटल्याचे पहिले उदाहरण खुद्द ‘दारू’ या शब्दाचेच आहे. फारसीत औषध असा अर्थ असलेला हा शब्द मराठीत मद्य आणि स्फोटक चूर्ण अशा दोन अर्थांनी रुळला. मुंबईतील दारूखाना या वस्तीच्या नावात दुसरा अर्थ अद्याप टिकून आहे. हे चूर्ण म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचे काळे मिश्रण. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूर न करणारी दारू सिद्ध केली. तिचा काळ्या मिश्रणाशी रासायनिक संबंध काहीच नव्हता आणि ती चूर्णरूपही नव्हती. तथापि इंग्रजीत तिला ‘पावडर’ व मराठीत ‘दारू’ हेच जुने नाव मिळाले.

या नामसाम्याचा परिणाम लवकरच दिसला. छऱ्याच्या बंदुकीत काळी दारू मापाने, म्हणजे आकारमानाने, भरीत असत. धूररहित दारूचे दोन प्रकार बाजारात आले. एक फुगीर, ती काळ्या दारूच्याच मापाने भरता येई. दुसरी सघन, तिचे तेवढेच माप भरल्यास बंदूक फुटण्याचा धोका असे. दोन्हींस ‘धूररहित दारू’ हेच नाव असल्याने जुन्या सवयीचे मापपात्र सघन दारूत बुडविणे सहज शक्य होते. त्या काळाची खूण अमेरिकेतील छऱ्यांच्या काडतुसांवर पुढेही दीर्घकाळ राहिली. त्यांच्या खोक्यांवर दारूचे बळ ‘ड्रॅम-समतुल्य’ या मानाने छापले जाई. याचा अर्थ आत तितके ड्रॅम दारू आहे असा नव्हे. तितके ड्रॅम काळ्या दारूने जे कार्य केले असते ते येथे होते, एवढाच त्याचा अर्थ. जो वाचक हा अंक वजन म्हणून वाचील, तो घातक चूक करील.

२

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ड्यू पाँ कंपनीच्या ‘आय. एम. आर.’ मालिकेतील दारू प्रचंड प्रमाणावर तयार झाली. ही आद्याक्षरे ‘सुधारलेली सैनिकी रायफल’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची होत. त्यांपुढील अंकांत मात्र गुणधर्माचा कोणताही निर्देश नव्हता. ४८९५ ही ४३५० पेक्षा जलद जळते, तर ४८३१ ही ४३५० पेक्षा संथ जळते. अंकांच्या चढत्या क्रमाचा ज्वलनवेगाशी संबंध नाही. ज्वलनवेग ठरतो तो कणाची लांबी-जाडी, त्यातील छिद्र आणि कणावरील ज्वलनरोधक लेप यांवरून. ४८९५ ही पायदळाच्या रायफलीच्या काडतुसासाठी होती. ४८३१ ही वीस मिलिमीटर तोफेसाठी होती.

युद्ध संपताच या दारूचे डोंगर शिल्लक पडले. कॅन्सस राज्यातील ब्रूस हॉजडन या गृहस्थाने विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ४८९५ जातीची पन्नास हजार पौंड शिलकी दारू विकत घेतली व मालगाडीचा एक जुना डबा कुरणात उभा करून तीत साठविली. काही काळाने ४८३१ हीही शिलकी म्हणून त्याच्या हाती आली. इतक्या संथ दारूचा उपयोग तोपर्यंत साध्या शिकारी काडतुसांत फारसा होत नसे. परंतु मोठी पुंगळी आणि अरुंद नळी असलेल्या काडतुसांत, विशेषतः १९२५ साली निघालेल्या विंचेस्टर .२७० मध्ये, ती अत्यंत सोयीची ठरली. जॅक ओ’कॉनर यांच्यासारख्या लोकप्रिय शिकारलेखकांनी तिचा पुरस्कार केला. दारू स्वस्त होती व साठा अमाप होता. त्यामुळे एका पिढीच्या कोष्टकांत ४८३१ हा अंक घरचा झाला. या कोष्टकांत तो कोठे एकटाच येतो, तर कोठे त्यामागे हॉजडनचे ‘एच्’ हे आद्याक्षर येते. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच होता, कारण पदार्थ एकच होता.

३

१९७० च्या दशकाच्या आरंभी शिलकी साठा सरत आला. त्याच सुमारास ड्यू पाँने स्वतःच्या मालिकेत नवी ४८३१ बाजारात आणली. हॉजडननेही आपल्या ‘एच् ४८३१’ या नावाखाली नव्याने तयार केलेली दारू विकण्यास प्रारंभ केला. ती आरंभी स्कॉटलंडमधून येत असे व पुढे ऑस्ट्रेलियातून येऊ लागली. अशा रीतीने एका अंकाखाली निदान तीन पदार्थ जमले : युद्धकालीन शिलकी दारू, तिच्या नमुन्यावर बेतलेली नवी एच् ४८३१, आणि आय. एम. आर. ४८३१. यांपैकी पहिल्या दोन एकमेकींच्या निकट आहेत. तिसरी मात्र त्यांच्याहून जलद जळते. एच् ४८३१ चे कमाल माप आय. एम. आर. ४८३१ ला लावल्यास नळीतील दाब सुरक्षित मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकतो. उलट अदलाबदल केल्यास सामान्यतः दाब व वेग कमी पडतात. अर्थात ही चूक ज्या दिशेने होण्याचा संभव अधिक, तीच दिशा धोक्याची आहे. कारण जुनी कोष्टके संथ दारूची असतात आणि दुकानातून आणलेला नवा डबा जलद दारूचा असू शकतो.

ही नवी दारू येण्यापूर्वीच्या कोष्टकातील निराक्षर ‘४८३१’ आणि त्यानंतरच्या कोष्टकातील ‘४८३१’ हे लिपीत अभिन्न, पण अर्थाने भिन्न आहेत. जुन्या पोथीतील शब्दाचा अर्थ लावताना पोथीचा काळ प्रथम निश्चित करावा लागतो, तोच नियम येथे लागू पडतो. कोष्टकाचे प्रकाशनवर्ष हा त्या अंकाच्या अर्थाचाच एक भाग होय.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, जाणता मनुष्य नेहमी कमी मापापासून आरंभ करून हळूहळू वर जातो, तेव्हा नावाच्या घोटाळ्याने त्याचे काही बिघडत नाही. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. आरंभीचे कमी माप तरी कोठून येते? ते त्याच कोष्टकातून येते. कोष्टक दुसऱ्या पदार्थाचे असेल, तर पायरीपायरीने चढण्याची सारी शिस्त चुकीच्या जिन्यावर पाळली जाते.

४

आतापर्यंत नाव स्थिर राहून पदार्थ पालटल्याचा विचार झाला. डबा तोच आणि चिठ्ठी तीच असूनही आतील पदार्थ पालटतो, अशीही एक अवस्था आहे. नायट्रोसेल्युलोज काळाने विघटित होते व त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडे निघतात. ही ऑक्साइडे पुढील विघटनास वेग देतात. उष्णता व दमटपणा यांनी ही क्रिया वाढते. तूलाँ बंदरात १२ मार्च १९०७ रोजी ‘इएना’ आणि २५ सप्टेंबर १९११ रोजी ‘लिबेर्ते’ या फ्रेंच युद्धनौका स्फोटाने उद्ध्वस्त झाल्या व शेकडो माणसे दगावली. त्या स्फोटांचे कारण बिघडलेल्या व्हिएय-दारूत शोधले गेले. ही ऑक्साइडे शोषून घेणारे डायफेनिलअमाइनसारखे स्थिरकारक द्रव्य दारूत घालण्याची पद्धती पुढे सर्वत्र रूढ झाली. तथापि स्थिरकारकही खर्च होत जाते. थंड, कोरड्या जागी ठेवलेली दारू अनेक दशके टिकते. तापलेल्या माळ्यावरील दारूस तितके आयुष्य नसते. आंबट, झोंबणारा वास, तांबूस-तपकिरी वाफ आणि गंजासारखी धूळ ही नाशाची लक्षणे होत. अशी दारू वापरावयाची तर नव्हेच, पण साठवून ठेवणेही योग्य नव्हे, कारण ती स्वतःच्या उष्णतेने पेट घेऊ शकते. उलटपक्षी लक्षणे दिसत नाहीत एवढ्यावरून ती निर्दोष आहे असेही सिद्ध होत नाही.

मूळ डब्यातून काढून बरणीत ओतलेली दारू हा या प्रकरणातील शेवटचा प्रकार. येथे नावच नष्ट झालेले असते. रंग व कण पाहून दारू ओळखता येते असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्वलनरोधक लेप डोळ्यांना दिसत नाही आणि भिन्न वेगाच्या अनेक दारू दिसण्यात सारख्याच काड्यांच्या असतात. बिननावाच्या दारूस कोणतेच कोष्टक लागू नाही.

उत्पादन थांबलेल्या दारूचा डबा आणि तिचे कोष्टक ही दोन्ही ऐतिहासिक साधने आहेत. अंकामागील आद्याक्षर, डब्यावरील खेपेचा क्रमांक, कोष्टकाचे वर्ष आणि साठवणीचा इतिहास यांचा मेळ बसला, तरच तो अंक पुन्हा एखाद्या पदार्थाचे नाव होतो. यांपैकी एक दुवा निखळला असता अंक शिल्लक राहतो खरा, परंतु त्याचा अर्थ सांगणारा कोणी उरत नाही. अशा वेळी पुंगळी रिकामी ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते.