मावळातील पोथी आणि तिचे वर्ष

अलीकडे वाचकमंडळींत एक नवा संकल्प ऐकू येतो. दहापाच स्नेही एकत्र जमतात, येत्या वर्षात जुने आणि थोर मानलेले अमुक इतके ग्रंथ वाचावयाचेच असे ठरवितात, आणि महिन्याकाठी एकमेकांस जाब विचारतात. कोणी त्यास आव्हान म्हणतो, कोणी पैज. मला ही कल्पना मनापासून आवडते. पण ती नवी आहे असे कोणी म्हणू लागला, की मला माझ्या आजोळचे मारुतीचे देऊळ आठवते. वेल्ह्याच्या बाजूस, गुंजवणीच्या खोऱ्यात ते आहे. तेथे दर वर्षी 'पोथी लावीत.' पोथी लावणे म्हणजे एक मोठा ग्रंथ साऱ्या गावाने हाती घेणे आणि तो संपल्याखेरीज खाली न ठेवणे. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

प्रथम मुलूख ध्यानी घ्यावा. भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेला प्रदेश. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले येथले. भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि मुलूख पुणे जिल्ह्यात आला. इतिहासाच्या पुस्तकांत येथील लढाया येतात, सनदा येतात, वतनांचे तंटे येतात. पण लढाई वर्षातून किती दिवस चालते? पाऊस मात्र चार महिने चालतो. आषाढात खाचरांतून भाताची आवणी उरकली, की ओढे-नाले भरून वाटा बंद होत. बाजाराला जाणे नाही, पाहुणा येणे नाही. अशा वेळी अंधार पडल्यावर माणसांनी करावे काय? आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास धर्मशास्त्राने सांगितला हे खरे. परंतु मावळात तो टिकला तो पावसाने, असे माझे मत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा सुट्टीचा, मोकळ्या संध्याकाळचा काळ निवडला. शहराला वसंत सोयीचा, मावळाला वर्षा.

आता ग्रंथ पाहू. पोथी म्हटले की कोणतेही पुस्तक चालत नसे. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, दासबोध, महिपतीचा भक्तिविजय, आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे श्रीधराचे ग्रंथ. श्रीधराने हरिविजय १७०२ मध्ये, रामविजय १७०३ मध्ये, पांडवप्रताप १७१२ मध्ये आणि शिवलीलामृत १७१८ मध्ये पुरे केले. यांतील शेवटचा आपल्याच जिल्ह्यात, बारामतीस. पंडितांनी श्रीधराला कधी फार मोठे म्हटले नाही. पण या ग्रंथांची मापे पाहा. हरिविजयाचे ३६ अध्याय, रामविजयाचे ४०, पांडवप्रतापाचे ६४. चातुर्मासाचे दिवस सुमारे १२०. तीन दिवसांस एक अध्याय धरला तर रामविजय बरोबर बसतो. दोन दिवसांस एक धरला तर पांडवप्रताप जवळजवळ उरकतो, आठच दिवस कमी पडतात. श्रीधराने हे मोजून केले असे मी म्हणत नाही. परंतु ज्याने आपले ग्रंथ ऐकणाऱ्यांसाठीच रचले त्याला ऐकणाऱ्याची सोय कळत होती, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

ज्ञानेश्वरीचे गणित निराळे. अध्याय अठरा, ओव्या नऊ हजारांवर. वर्षभर रोज वाचावयाचे तर पंचवीस ओव्या पुरतात. दरेक एकादशीस एक अध्याय धरला तर नऊ महिने. पण असा सरळ हिशेब ज्याने मांडला तो फसलाच समजा. कारण बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत संपतो, आणि अठरावा अठराशेच्या घरात जातो. एका बैठकीत बारावा वाचून 'ज्ञानेश्वरी सोपी आहे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते तेराव्यात थांबतात. एकनाथी भागवताचे अध्याय एकतीस, ओव्या अठरा हजारांहून अधिक. तो चार महिन्यांत वाचावयाचा तर रोज दीडशेहून जास्त ओव्या झाल्या. दिवसभर चिखलात उभे राहिलेल्या माणसाने रात्री हे ऐकावयाचे, आणि ऐकून ध्यानात ठेवावयाचे.

दासबोधाची गोष्ट या मुलखाला अधिक जवळची. भोरहून वरंधा घाट उतरला की महाडच्या अंगाला शिवथरची घळ लागते. या घळीत दासबोध लिहिला गेला अशी परंपरा आहे. ती जागा विस्मृतीत गेली होती. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ती शोधून दाखविली. दासबोधाच्या सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख आहे, त्यावरून तो भाग १६५९ च्या सुमाराचा ठरतो. त्या वेळी वरच्या अंगास राजगडावर शिवरायांची राजधानी होती. एका डोंगराच्या माथ्यावर राज्य उभे राहत होते आणि त्याच रांगेच्या पायथ्याशी दोनशे समासांचा हा ग्रंथ आकार घेत होता. या शेजाराचा अर्थ काय, यावर विद्वानांनी बराच वाद घातला आहे, मी त्यात शिरत नाही. मला त्या ग्रंथातील एक समास येथे हवा आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ हस्ताक्षरावर आहे. ऐन तारुण्यात फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही, मध्यम अक्षर काढावे. पानाच्या चहूंकडे कोरी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने काढल्यासारखे दिसावे. असा उपदेश कोण करील? ज्याला ठाऊक आहे, की ही पोथी एकट्याची नाही, ती समईच्या उजेडात, मोठ्याने, वर्षानुवर्षे, निरनिराळ्या हातांनी वाचली जावयाची आहे, तोच.

आता प्रत्यक्ष वाचन. माझे लहानपणचे स्मरण १९६० नंतरचे आहे, तोवर हस्तलिखित जाऊन छापील पोथी आली होती; पण तिचाही आकार आडवा, पाने सुटी, रुमालात बांधलेली. चौरंगावर पोथी, शेजारी समई. समईच्या तेलाची पाळी घरोघर फिरे, आणि ही पाळी हीच खरी युक्ती होती. ज्याच्या घरची पाळी त्याला त्या रात्री यावेच लागे, आणि आला म्हणजे आदल्या रात्रीची कथा त्यानेच थोडक्यात सांगावयाची. आळशी माणूस पाळीच्या आदल्या दिवशी हटकून हजर असे! वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा. वाचणाऱ्याने चार ओव्या चालीवर म्हणाव्यात आणि थांबावे. दुसऱ्याने त्या मावळी बोलीत फोडून सांगाव्यात. भीमाने बकासुराचा गाडा खाल्ला म्हणजे किती खंडी भात झाला याचा हिशेब होई, त्यावर वाद होई, आणि एखाद्या रात्री अध्याय तसाच राहून जाई.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. बायका मागे, भिंतीच्या कडेला बसत. एकदा वाचणाऱ्याने, पाने चिकटली म्हणून की घाईने म्हणून, मधले एक पान उलटून पुढे वाचावयास घेतले. आजी मागून म्हणाली, "अरे बाबा, द्रौपदी अजून रडायची राहिली की!" पाने उलगडून पाहिली, तो खरोखरच एक पान सुटले होते. निरक्षर श्रोता ग्रंथाची राखण करतो ती अशी. आणि श्रोता चुकला तर ग्रंथही बिघडतो. ज्ञानेश्वरांनंतर तीनशे वर्षांत नकलणाऱ्यांनी आणि म्हणणाऱ्यांनी ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद शिरविले, की १५८४ मध्ये पैठणास एकनाथांना ती शुद्ध करून ठेवावी लागली, आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये असे बजवावे लागले.

हे चित्र येथेच सोडले तर ते गोड होईल, पण खरे होणार नाही. देवळात सारा गाव बसे असे मी वर म्हटले, ते चूक आहे. तेव्हाच्या महारवाड्यातील माणसाला देवळात पाऊल ठेवण्याची बंदी होती. आजी सांगे, एक वृद्ध गृहस्थ पावसाळाभर देवळाच्या बाहेर, वळचणीला, इरले पांघरून उभे राहत. त्यांचे पाठांतर असे, की आत एखाद्या कथेवर वाद पडला म्हणजे दारातून डोकावून त्यांनाच विचारीत. ते बाहेरून उत्तर देत, आतल्यांचे समाधान होई, आणि दार पुन्हा लोटले जाई. वारा आत येऊन समई विझते, म्हणून. आजी हे सांगताना स्वर बदलत नसे. तिला त्यात काही वेगळे वाटत नव्हते असे मला लहानपणी वाटे. पुढे मी मोठा झाल्यावर तिने एकदा आपण होऊन म्हटले, "त्यांना आत घ्यायला पाहिजे होतं." पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. ज्या वारकरी परंपरेत चोखोबा झाले तिची ही कथा, तर आडरानातल्या मारुतीच्या देवळाची काय कथा!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतर झाले, आणि पुढे ती वळचण रिकामी झाली. पोथी ऐकणारा गेला, पण ऐकण्याची रीत गेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत निघाला, मागाहून मराठीत आला. महाराष्ट्रातील बौद्ध वस्त्यांतून आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालते. तोच पावसाळा, तीच संध्याकाळ, एक वाचणारा आणि अनेक ऐकणारे. फरक इतकाच, की तेथे दार लोटलेले नसते.

देवळातील पोथीचे पुढे काय झाले? कारणे अनेक, आणि त्यांतील काही चांगली आहेत. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती पुढे राज्यभर गेली. लोक स्वतः वाचू लागले. १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तरणी माणसे मुंबईला गेली. पानशेतचे धरण १९६१ साली फुटले, पुन्हा बांधले गेले. त्याखाली आणि नंतरच्या धरणांखाली खेडी उठली, आणि तेलाची पाळी ज्या घरांतून फिरे ती घरे चार दिशांना पांगली.

दरम्यान सप्ताह वाढला. आज भोर-वेल्ह्याकडे ज्ञानेश्वरीचे पारायण होते ते बहुधा सात दिवसांचे. शे-दोनशे माणसे आपापली प्रत घेऊन एका सुरात वाचतात, स्त्रियाही पुढे बसून वाचतात, आणि हा देखावा पाहून कोणाचेही मन भरून यावे. मी त्याची थट्टा करणार नाही. जोगमहाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, सोनोपंत दांडेकरांनी १९५३ मध्ये सार्थ ज्ञानेश्वरी सिद्ध केली, अशा थोरांच्या श्रमांमुळे प्रत घरोघर गेली. परंतु नऊ हजार ओव्या सात दिवसांत म्हणजे दिवसाला जवळजवळ तेराशे. त्या वेगात "थांबा, याचा अर्थ काय?" असे विचारणारा कोठे बसणार? सप्ताहात प्रवचन असते, कीर्तन असते. पण तेथे सांगणारा व्यासपीठावर आणि आपण खाली. बकासुराच्या भातावर वाद घालण्याची सोय त्यात नाही. भोरच्या कॉलेजातील आणि पुण्याच्या पेठांतील तरुणांनी वर्षाचा संकल्प केला, तर त्यांनी बारा ग्रंथांऐवजी एकच घ्यावा, असे मी त्यांना सुचवून पाहतो. ते हसतात. एकच ग्रंथ घेतला तर वर्षअखेरीस सांगावयाचे काय, असे त्यांना वाटते. एका मंडळाने मात्र गेल्या आषाढात पांडवप्रताप घेतला आहे. दर शनिवारी बसतात, आणि मागील कथा सांगण्याची पाळी लावतात. चौसष्ट अध्याय आठवड्यास एक प्रमाणे वर्षात संपत नाहीत, हे त्यांच्या ध्यानी दिवाळीनंतर आले.

आजोळची छापील पोथी माझ्याकडे आहे. समर्थांनी सांगितलेली कडेची कोरी जागा वाचणाऱ्यांनी वाया जाऊ दिली नाही; वाचन जेथे थांबले तेथे पेन्सिलीने खूण आणि तिथी घातली आहे. क्वचित दोन शब्दही आहेत. 'पूर आला, वाचन नाही.' 'तेल संपले.' एका ठिकाणी, वनपर्वातील नळाख्यानापाशी, लागोपाठ तीन रात्रींच्या तिथी आणि पुढे त्याच अक्षरात 'लोकांच्या इच्छेवरून पुन्हा.'