चांदणी चौक: जहाँआराने वसवलेला बाजार

मुघलांनी या देशाला काय दिले, असे कुणी विचारले की आपण ताजमहाल आणि लाल किल्ला दाखवतो. म्हणजे एक कबर आणि एक किल्ला. मला या यादीत एक बाजार घालावासा वाटतो. कबर आणि किल्ला आता पाहण्यापुरते उरले, बाजारात मात्र आजही हजारो माणसे पोट भरतात. हा बाजार म्हणजे दिल्लीचा चांदणी चौक, आणि तो वसवला एका बाईने.

शहाजहानची मुलगी जहाँआरा बेगम. 1631 मध्ये आई मुमताज महल वारल्यावर सतरा वर्षांच्या या मुलीकडे शाही जनान्याचा कारभार आला. सुरत बंदराचे उत्पन्न तिला मिळे. पुढे नवे शहर शाहजहानाबाद उभे राहिले, तेव्हा 1650 च्या सुमारास किल्ल्यासमोर तिने हा बाजार आखला. मधून कालवा वाहत होता, चौकात हौद होता. हौदाच्या पाण्यात चांदणे पडे, त्यावरून नाव पडले असे सांगतात. शेजारी तिने परदेशी व्यापाऱ्यांसाठी मोठी सराई आणि बागही बांधली.

या रस्त्याने वैभवाइतकेच रक्तही पाहिले. 1675 मध्ये औरंगजेबाच्या काळात गुरू तेगबहादुरांचा इथे शिरच्छेद झाला; त्या जागी आज शीशगंज गुरुद्वारा आहे. 1739 मध्ये नादिरशहाने सुनहरी मशिदीतून कत्तलीचा हुकूम दिला. मारणारा मुसलमान होता आणि मरणाऱ्यांतही मुसलमान कमी नव्हते. इतिहासाला धर्माचे सोपे कप्पे पाडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सगळ्यात खोल घाव 1857 नंतरचा. इंग्रजांनी मुसलमानांना शहराबाहेर काढले. बेगमेची सराई पाडून तिथे टाऊन हॉल उठवला. हौदाच्या जागी घड्याळाचा मनोरा आला. रस्त्याच्या टोकाची फतेहपुरी मशीद लिलावात एका हिंदू व्यापाऱ्याने घेतली. ती मुसलमानांना परत मिळायला 1877 उजाडले. पण रस्ता मेला नाही. 1912 मध्ये याच रस्त्यावर व्हाइसरॉय हार्डिंगच्या हत्तीवर बॉम्ब पडला.

आजही या एका रस्त्यावर जैन मंदिर, गौरीशंकर मंदिर, चर्च, गुरुद्वारा आणि दोन मशिदी आहेत. गौरीशंकर मंदिर आपा गंगाधर या मराठा सरदाराने बांधले असे सांगतात, म्हणजे आपल्या मातीचाही इथे धागा आहे. दरीबा कलानमध्ये चांदी, किनारी बाजारात जर, खारी बावलीत मसाले. बल्लीमारानच्या गल्लीत मिर्झा गालिबची हवेली.

अलीकडे मात्र गाड्या, लोंबत्या तारा आणि गर्दीने इथे चालणे मुश्कील झाले होते. डिसेंबर 2018 मध्ये काम सुरू झाले. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा सुमारे 1.3 किलोमीटरचा रस्ता लाल दगडाने बांधला गेला, तारा जमिनीखाली गेल्या आणि सकाळी 9 ते रात्री 9 मोटारींना बंदी झाली. सप्टेंबर 2021 मध्ये नव्या रस्त्याचे उद्घाटन झाले. नियम मोडणारी वाहने पुन्हा घुसतात अशी तक्रार त्यानंतरही आहेच.

पायी चालणाऱ्याला रस्ता परत मिळाला, हे मला मोलाचे वाटते. पण नूतनीकरण म्हटले की पहिली कुऱ्हाड हमाल, फेरीवाले आणि रिक्षावाले यांच्यावर पडते. 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सायकलरिक्षांच्या संख्येवरची मर्यादा रद्द केली, ती या माणसांचाही रस्त्यावर हक्क आहे म्हणूनच. पाठीवर कापडाचे गठ्ठे वाहणारा माणूस हटवून बाजार सुंदर करायचा असेल, तर मागे फक्त दगड उरतील.

जहाँआरा 1681 मध्ये गेली. बादशहाची ही लेक निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात उघड्या आकाशाखाली दफन आहे. कबरीवर घुमट नाही, गवत आहे. स्वतःसाठी एवढीशी जागा घेणाऱ्या या बाईने शहरासाठी मात्र रुंद रस्ता ठेवला. आपल्या मुलींना इतिहास सांगताना राजांच्या लढायांबरोबर हेही सांगायला हवे.