फेम्टोसेकंद लेझर : क्षणात विरणारा प्रकाश कसा पकडतात?

पावसाळ्याच्या रात्री वीज चमकली की पडणारे थेंब हवेतच थांबल्यासारखे दिसतात. उजेड इतका थोडा वेळ टिकतो की तेवढ्यात थेंब फारसे हलत नाहीत. शास्त्रज्ञ हीच युक्ती खुद्द प्रकाशाच्या अभ्यासासाठी वापरतात.

फेम्टोसेकंद म्हणजे किती?
एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग. सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्या वेळात केसाच्या जाडीच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकाच सरकतो.

इतका छोटा झोत कशाला हवा?
साध्या भिंगाने दृश्य प्रकाश साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा लहान ठिपक्यात गोळा करता येत नाही. सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म रचना मात्र ही मर्यादा ओलांडतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की धातूतले इलेक्ट्रॉन एकत्र डोलू लागतात आणि प्रकाशाची ऊर्जा पृष्ठभागालाच चिकटून राहते. याला 'प्लाझमॉन' म्हणतात. अडचण एकच : बहुतेकदा हे डोलणे काही दशक फेम्टोसेकंदांतच विरते आणि ऊर्जेची उष्णता होते.

मग मोजतात कसे?
लेझरचे दोन झोत वापरून. पहिला झोत रचनेला उत्तेजित करतो. दुसरा किंचित उशिरा येऊन तिची स्थिती टिपतो. दुसऱ्या झोताच्या वाटेतला आरसा थोडा मागे नेला की उशीर वाढतो. असे एकेक क्षण जोडून पूर्ण घटनाक्रम तयार होतो. याच पद्धतीने रासायनिक क्रिया टिपणाऱ्या अहमद झेवैल यांना १९९९ चे नोबेल मिळाले.

महाराष्ट्राचा संबंध
पवईच्या आयआयटी मुंबईतील भौतिकशास्त्रज्ञ परिंदा वासा याच विषयावर काम करतात. त्यांनी जर्मनी आणि इटलीतील सहकाऱ्यांसह केलेला प्रयोग २०१३ मध्ये 'नेचर फोटॉनिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. सोन्याच्या सूक्ष्म रचनेवर रंगद्रव्याचा थर दिला होता. ऊर्जा प्लाझमॉनकडून रंगद्रव्याकडे जाते आणि परत येते, हा झोका त्यांनी प्रत्यक्ष टिपला. शिवाय दोघांमधली ही जोडणी लेझर झोताने सुमारे १० फेम्टोसेकंदांच्या टप्प्यावर बदलता येते, हेही दाखवले.

याचा उपयोग काय?
प्रकाशानेच प्रकाश चालू-बंद करणारी बटणे. आजच्या ट्रान्झिस्टरपेक्षा ती कितीतरी वेगवान ठरू शकतात. पण धातूत ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, ही अडचण अजून पुरती सुटलेली नाही. त्यामुळे ऊर्जा विरण्याआधीच तिच्याकडून काम करून घेणे, हीच या क्षेत्राची खरी शर्यत आहे.