विंटेज टूरिंग कार विकत मिळतेय? फोर्ड मॉडेल टीची जाहिरात अशी तपासा

जुन्या गाड्यांच्या जाहिराती हल्ली फोनवर सारख्या दिसतात. फोटो झकास असतात, पण वर्णनात लिहिलेलं खरं आहे का, हे कसं ओळखायचं? अमेरिकेच्या फोर्ड मॉडेल टीचं उदाहरण घेऊन समजून घेऊया. १९०८ ते १९२७ या काळात हिच्या दीड कोटीहून जास्त गाड्या बनल्या.

टूरिंग म्हणजे काय?

टूरिंग हा बॉडीचा प्रकार आहे. चार-पाच जणांची उघडी गाडी, वर दुमडता येणारं कापडी छप्पर, बाजूला काचा नाहीत. पाऊस आला की पडदे लावायचे. इंजिन २.९ लिटरचं, चार सिलिंडरचं, ताकद फक्त २० हॉर्सपॉवर. सुरुवातीला किंमत ८५० डॉलर होती, १९२५ पर्यंत ती २९० डॉलरवर आली.

चालवायची कशी?

पायाशी तीन पेडल, पण त्यात ॲक्सिलरेटर नाही! डावं पेडल पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्धं दाबलं की न्यूट्रल, सोडलं की दुसरा. मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. स्टिअरिंगखाली दोन दांड्या असतात: उजवी पेट्रोल कमी-जास्त करते, डावी स्पार्कची वेळ बदलते. आज स्पार्कची वेळ इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो, तेव्हा ड्रायव्हर बोटांनी ठरवायचा. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे मला हे भारी वाटतं.

एक धोका लक्षात ठेवा. हँडल मारून गाडी सुरू करताना स्पार्कची दांडी मागे घेतली नाही, तर हँडल उलटं फिरून हात मोडू शकतो. इलेक्ट्रिक स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला.

जाहिरातीत काय तपासाल?

१. रंग: १९१४ ते १९२५ मध्ये ही गाडी फक्त काळ्या रंगात यायची. '१९२० ची, ओरिजनल लाल' असं लिहिलं असेल तर रंग नंतरचा आहे.
२. रेडिएटर: चकचकीत पितळी रेडिएटर १९१६ च्या मॉडेलपर्यंतच होता.
३. दार: १९१२ ते १९२५ च्या अमेरिकेत बनलेल्या टूरिंगमध्ये ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं दार उघडत नाही, तिथे नुसता दाराचा आकार असतो. कॅनडात बनलेल्या गाडीत ते खरं असतं.
४. नंबर: गाडीची ओळख इंजिनच्या नंबरवरून होते. पण इंजिन बदललेलं असू शकतं, म्हणून फक्त त्यावरून गाडीचं वर्ष पक्कं धरू नका.

भारतात नियम काय?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' अक्षरं येतात. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणी ५,००० रुपये. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला न्यायची म्हणाल, तर ते चालणार नाही.

शेवटचं सांगतो: कागदावरचा आणि इंजिनवर कोरलेला नंबर स्वतः जाऊन जुळवल्याशिवाय, 'टोकन'च्या नावाखाली एक रुपयाही यूपीआय करू नका. फोटो कुणाच्याही गाडीचा असू शकतो.