झंझ राजाचा काळ आणि अरबीचे दुसरे वर्ष

उत्तर कोकणच्या शिलाहार वंशात झंझ नावाचा राजा होऊन गेला. त्याने स्वतःच्या नावाने १२ शिवालये बांधिली, असे त्याच्या वंशजांचे ताम्रपट सांगतात. ती देवळे आज उभी नाहीत. परंतु हा शिवभक्त राजा राज्यावर केव्हा होता, हे ठरविण्यास एका अरबी वाक्याचा आधार घ्यावा लागतो, हे देवालयांच्या इतिहासात रस घेणाऱ्या आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. बगदादचा मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ मध्ये, सैमूर बंदरी आला होता. बल्हराच्या सत्तेखाली तेथे झंझाचा अंमल असून सुमारे १०,००० मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेविले आहे.

सैमूर म्हणजे आपले चौल, जुने चेमूल्य. बल्हरा म्हणजे वल्लभराज, मान्यखेटचा राष्ट्रकूट सम्राट. अरबीत 'च' नाही, 'प' नाही. म्हणून चेमूल्याचे सैमूर झाले व सोपाऱ्याचे सुबारा. आमचे लेखकही या कामी मागे नव्हते! चिंचणीच्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात संजाण प्रांताचा ताजिक अधिकारी 'मधुमति' या नावाने येतो. हा मुहंमदच होय. देवीच्या मठिकेस दिलेल्या दानाची नोंद त्याच पटात आहे.

अशा संशोधनास अरबी किती यावी? पहिल्या वर्षाची अक्षरओळख पुरत नाही. ज, ह आणि ख यांची आकृती एकच. भेद फक्त टिंबाचा. लेखनिकाने टिंब गाळले की झंझाचे नाव ओळखू येईनासे होते. ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहीतच नाहीत. पुढे कोश पाहावा, तर तो धातूवार लाविलेला. आम्हा वकिलांच्या तोंडी रोज असलेले हुकूम आणि हाकीम, तसाच हिकमत, हे तिन्ही शब्द एकाच धातूचे. अंमल आणि मामला दुसऱ्या एकाचे. संस्कृत धातुपाठ घोकलेल्या विद्यार्थ्यास ही रचना परकी वाटू नये. क्रियापदांची दहा रूपे आणि शब्दाच्या पोटातच बदल करणारी अनेकवचने अंगवळणी पडली, म्हणजे मूळ पाठ व भाषांतर शेजारी ठेवून ताडून पाहता येते. पदव्युत्तर अभ्यासकाने निदान एवढी मजल गाठावी.

आमचे लेखक अद्याप इलियट-डाउसनच्या १८६७ च्या पहिल्या खंडातील उताऱ्यांवर भिस्त ठेवितात. त्या ग्रंथमालेतील चुका दाखविण्यास शापुरशा होडीवाला यांना १९३९ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध करावा लागला, याचे त्यांस स्मरण नसते. न्यायालयात नक्कल पुढे केली तर मूळ दस्तऐवज कोठे आहे, असे प्रथम विचारतात. इतिहासात हा प्रश्न कोणी का विचारू नये? अरबी ही परधर्माची भाषा, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तिच्यावाचून झंझाच्या शिवालयांचा काळ सांगून दाखवावा, एवढेच त्यावर आमचे म्हणणे.

गोमंतकातही असेच एक काम पडून आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात 'सिंदाबूर' येथे आला. 'प' चा 'ब' झाला हे ध्यानात घेता नाव चंद्रपुराकडे, म्हणजे चांदोराकडे, बोट दाखविते. पण तो वर्णन करितो ते ३६ गावांच्या बेटाचे, आणि ते वर्णन तिसवाडीस अधिक जुळते.