गाणं रक्तातून येत नाही, शिकावं लागतं : जलशाचा इतिहास आणि आपली गीतलेखन कार्यशाळा

जयंतीच्या वर्गणीची बैठक होती. डीजेचा आकडा ठरत असताना मागे बसलेली एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "साउंड भाड्याने आणतो ते ठीक, पण गाणीसुद्धा बाहेरूनच आणायची का? आपल्या वस्तीत एकही गाणं का लिहिलं जात नाही?" त्या प्रश्नातून आमच्या मंडळाने नवोदितांसाठी गीतलेखन कार्यशाळा घ्यायचं ठरवलं. पहिला विरोध ज्येष्ठांकडून आला. "अरे, गाणं शिकवून येतं का? वामनदादा जन्मावे लागतात."

हे वाक्य आदरातून येतं, पण आम्हाला ते मान्य नाही. गुण जन्माने ठरतो, हाच तर्क आपल्या पूर्वजांच्या माथी मारून त्यांना पाटी-पेन्सिलपासून दूर ठेवलं गेलं. तो तर्क आपण निदान आपल्या शाहिरांना तरी लावू नये. आपल्या गाण्याचा इतिहासही वेगळंच सांगतो.

24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे या चळवळीतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. लोकांना तमाशाची ओढ आहे हे ओळखून त्याच साच्यात नवा विचार भरला गेला. 1930 च्या दशकात आंबेडकरी जलशांनी हाच मार्ग पुढे नेला. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं ठळक नाव. पुढे त्यांनीच 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात या परंपरेची नोंद करून ठेवली. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असा क्रम असतो. जलसेकारांनी हा क्रम मोडून टाकला नाही, त्यातला आशय बदलला. गणपतीच्या स्तवनाच्या जागी बाबासाहेबांचं वंदन आलं. गवळणीतला शृंगार गळाला. वगाच्या जागी अस्पृश्यता, शिक्षण, व्यसन, अंधश्रद्धा हे विषय आले. महाडचं पाणी, काळारामाचा दरवाजा, येवल्याची घोषणा या गोष्टी वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत अशा पोचल्या.

हे करणारे लोक कोण होते? गिरणीत, रेल्वेत, शेतावर राबणारे. दिवसा मजुरी आणि रात्री जलसा. त्यातले बहुतेक कुठल्याही संगीत विद्यालयात गेले नव्हते. मग ते शिकले कुठे? संचात. नवा पोरगा आधी झील धरायचा. झील धरता धरता चाल अंगात मुरायची, कडवं कुठे तुटतं आणि यमक कुठे बसतं ते कानाला कळायचं. नंतर तो एखादा शब्द बदलून बघायचा, मग एखादी ओळ, मग अख्खं कडवं. गाणं जमलं की नाही याचा निकाल समोर बसलेली माणसं तिथल्या तिथे लावायची. आजच्या भाषेत ही कार्यशाळाच होती. फक्त तिला प्रमाणपत्र नव्हतं.

आता वामनदादांकडे बघू. जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. मुंबईत मजुरी करताना कुणीतरी पत्र वाचायला दिलं आणि त्यांना ते वाचता येईना. ती बोच घेऊन ते मोठ्या वयात अक्षरं शिकले. 1943 मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर. म्हणजे आपला महाकवी आधी मुळाक्षरांचा विद्यार्थी झाला, मग तयार चालीवर शब्द बसवत शिकला. त्यांची प्रतिभा मोठी होतीच. पण ती मेहनतीने आणि माणसांत राहून घडली, हे सांगितलं नाही तर आपण त्यांना देव करतो. देवाच्या पाया पडता येतं, त्याच्याकडून शिकता येत नाही.

या इतिहासात एक उणीवही आहे. जलशाच्या मंचावर बाई जवळजवळ नव्हती. स्त्रीपात्रंही बहुधा पुरुषच करायचे. पण त्याच काळात आपल्या आज्या जात्यावर ओव्या रचत होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. दळता दळता रचना करणाऱ्या या बायांना आपण कधी कवयित्री म्हटलं का?

हे सगळं आम्ही पुस्तकांत वाचलं होतं, तरीही पहिल्या कार्यशाळेत चुकलो. सकाळी दहा वाजता फळ्यावर मात्रा, वृत्त, अलंकार लिहून व्याख्यान सुरू केलं. आम्हाला वाटलं, पाया पक्का होईल. जेवणानंतर निम्मी मुलं आलीच नाहीत. आपल्याला येत नाही हे त्यांना शाळेने आधीच शिकवलं होतं, आम्ही ते पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या वेळी जलशाच्या रीतीने गेलो. तीन रविवार, वीसच जण, लहान-लहान गट. पहिल्या रविवारी लेखन नाहीच. ढोलकी मधे ठेवून सगळ्यांना माहीत असलेल्या चाली गायच्या, टाळी कुठे पडते ते मोजायचं. वस्तीतल्या दोन आजींना ओव्या सांगायला बोलावलं आणि पाहुण्यांचा मान त्यांनाच दिला. दुसऱ्या रविवारी प्रत्येक गटाने एक प्रश्न निवडला. अट एवढीच, की तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. आधी ध्रुवपद, कारण लोक तेच घरी घेऊन जातात. मग तीन कडवी : काय घडतं, का घडतं, आपण काय करणार. तिसऱ्या रविवारी गाणी नाक्यावर म्हटली. ज्या ओळीला माणसं गप्प राहिली ती बदलली. शेवटच्या कडव्यात वामनदादांसारखी नाममुद्रा आणि वहीत तारीख घालणं सक्तीचं केलं, कारण आपली कितीतरी गाणी लोकांच्या तोंडी राहिली आणि रचणाऱ्याचं नाव पुसलं गेलं.

काहींचा आक्षेप असा, की उसन्या चालीवरचं गाणं म्हणजे नक्कल. पण जलसेकारांनी तमाशाचा साचा घेतला तेव्हा तमाशाची नक्कल केली का? चाल ही शिडी आहे. वर चढल्यावर ती सोडता येते. दुसरा आक्षेप दर्जाचा. चार गाण्यांपैकी तीन कच्ची होती, हे आम्ही मान्य करतो. चौथं मात्र घाणीत उतरून मेलेल्या एका सफाई कामगाराच्या भाचीने बांधलं होतं. ते नाक्यावर झालं तेव्हा चहावाल्याने स्टोव्ह बंद केला. गौरवगीतं आपल्याकडे भरपूर आहेत आणि ती हवीतच. पण अडलेल्या शिष्यवृत्तीवर, कंत्राटी कामावर, गटारातल्या मरणावर आजची गाणी कोण लिहिणार? जे भोगतात त्यांनीच लिहायला हवीत.

यंदा वर्गणीतला एक हिस्सा बैठकीत ठराव करून कार्यशाळेसाठी बाजूला काढला. डीजे एक तास कमी वाजेल, त्या तासात वस्तीतली पोरं-पोरी स्वतःची गाणी म्हणतील. तुमच्या वस्तीतही हे होऊ शकतं. एक ढोलकी, वीस वह्या, तीन रविवार आणि ऐकून घेणारी दोन मोठी माणसं, इतकंच लागतं.

जय भीम!