टाच टेकली पाहिजे

माझी उंची पाच फूट दोन इंच. म्हणजे १५७ सेंटिमीटर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं पुराण त्यावरच उभं आहे. नोकरी खराडीला, घर शिरूरला, आत्या दौंडला. शनिवार-रविवार या त्रिकोणात जातो. त्यामुळे "बुटक्या माणसानं कुठली बाइक घ्यावी?" हा प्रश्न माझ्यासाठी थिअरीचा नाही. न्हावऱ्याच्या रस्त्यावर पुढे उसाची ट्रॉली अचानक थांबली, रस्ता एका बाजूला उतरता आहे आणि आपला पाय जमिनीपासून चार बोटं वर लटकतोय, असं झालं की गाडी आडवी होते. मागे ट्रक असेल तर नुसतं खरचटून भागत नाही.

तर मंडळी, या प्रश्नाचा इतिहास शोधत गेलो आणि थेट घोड्यांपर्यंत पोचलो. आमच्या भागात ते साहजिकच म्हणा. शिरूरचं दुसरं नाव घोडनदी. (नाव नदीवरून आहे, पण घोडेही होतेच.) जून १८१७ च्या पुण्याच्या तहानंतर इंग्रजांनी पेशव्यांच्या खर्चाने जे घोडदळ उभं केलं, त्या 'पूना हॉर्स'चं ठाणं पुढे बरीच वर्षं शिरूरला होतं. आणि दौंड-बारामतीचा पट्टा म्हणजे जुनी भीमथडी, भीमेचा काठ. इथली तट्टं प्रसिद्ध. उंची खांद्यापाशी साधारण १३० सेंटिमीटर, म्हणजे अरबी घोड्यापेक्षाही ठेंगणी. पण काटक, कमी चाऱ्यावर भागवणारी, डोंगर चढणारी. मराठ्यांचं घोडदळ मोठ्या प्रमाणात अशा दख्खनी तट्टांवर लढलं. पटकन टांग टाकता येणं आणि वाटेत मिळेल ते खाऊन जनावरानं चालत राहणं, या दोन गोष्टी लढाईत रुबाबापेक्षा कामाच्या.

पुढे लष्कराची आवड बदलली. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून 'वेलर' जातीचे उंच घोडे जहाजं भरभरून येऊ लागले आणि भीमथडीचं तट्टू धनगरांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहायला उरलं. आजही मेंढरांच्या वाड्याबरोबर ती दिसतात. २०२३ मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ही त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट.

आता घोडा आणि मोटरसायकल यात एक मूलभूत फरक आहे. घोडा थांबला की स्वतःच्या चार पायांवर उभा राहतो. बाइक थांबली की तिला पाय लागतात, आणि ते तुमचे असतात. म्हणून बाइकच्या बाबतीत स्वाराची उंची हा हौसेचा नाही, बॅलन्सचा भाग आहे. हा प्रश्न सगळ्यात छान सोडवला तो मोटरसायकल न आवडणाऱ्या माणसानं! कोराडिनो दास्कानियो हा इटलीतला विमानं बनवणारा इंजिनिअर. १९४६ मध्ये त्यानं व्हेस्पा बनवली. इंजिन मागच्या चाकाशी नेलं, दोन पायांमधली टाकी काढून टाकली, पुढे सपाट फळी ठेवली. टांग टाकायचा प्रश्नच मिटला.

हीच व्हेस्पा १९६० च्या दशकात आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात बनू लागली आणि १९७२ मध्ये तिच्या वळणाची चेतक आली. नाव पुन्हा घोड्याचंच! पण चेतकची चाकं दहा इंची. शहरात ठीक, पण खेड्यातल्या खड्ड्यात छोटं चाक जास्त खोल जातं आणि हँडल हिसका देतं. शिवाय इंजिन एका बाजूला, लोखंडी बॉडी, आणि सकाळी सुरू करायची तर आधी एका अंगावर कलवायची. बुटक्या माणसानं हा व्यायाम करून बघावा.

त्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, अरुण फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं लूना आणली. पियाजियोच्या चाओ या मोपेडवर बेतलेली, पन्नास सीसीची. कायनेटिकचा कारखाना नगरला, तोही दौंड रोडवर. म्हणजे आमच्या शेजारचीच गाडी म्हणायची. इंजिनिअर म्हणून मला लूनाचं फार कौतुक वाटतं. सायकलीसारखी मोठी चाकं, त्यामुळे खड्डा सोसते. सीट खाली, मधला भाग मोकळा. वजन पन्नास किलोच्या आसपास, त्यामुळे कलली तरी हातानं सावरते. गिअर नाहीत. पेट्रोल संपलं तर पॅडल मारा!

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. उंची पाच फुटाला थोडी कमीच. शाळा दौंडपासून आत, एसटी दिवसातून दोनदा. मामा आपली मोटरसायकल घेऊन रेल्वेच्या ड्यूटीवर जायचे, त्यामुळे आत्याला कुणीतरी सोडायला येईल तेव्हा शाळा. लूना आली आणि "कोण सोडणार?" हा प्रश्न घरातून कायमचा गेला. एकदा मी तिला विचारलं, पहिल्यांदा चालवताना भीती नाही वाटली? म्हणाली, "अरे, दोन्ही पाय टेकत होते. भीती कशाची?"

मला वाटतं सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. सीट किती उंच ठेवायची हे कारखान्यात कुणीतरी ठरवतं आणि त्यावरून कोण चालवणार आणि कोण मागे बसणार हे घरात ठरून जातं. १९८४ ची कायनेटिक होंडा (बटण दाबा, सुरू!) आणि १९९४ ची स्कूटी यांनी पुण्यात जे केलं, ते दौंड-शिरूरच्या वाड्यावस्त्यांवर लूनानं आधीच केलं होतं.

१९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोटरसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं. मग सुरू झाली उंचीची चढाओढ. क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटरवर, केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२० मध्ये आली ती ८५५ वर. आणि आपण? १९९६ मध्ये जन्मलेल्या भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर, बाईची १५३. नेदरलँड्सचा पुरुष १८२ च्या वर. चाकणमध्ये बनलेली गाडी त्याच्या मापाची आणि चाकणच्याच पोराला अंगठ्यावर उभं राहावं लागतं. वेलर घोड्यांचीच गोष्ट पुन्हा!

असो. आता कामाचं. ब्रोशरमधला सीटच्या उंचीचा आकडा एकटा बघू नका. सीट पुढे किती रुंद आहे ते बघा, कारण रुंद सीट मांड्या फाकवते आणि पायाची लांबी तिथेच खर्ची पडते. दुसरं, वजन. अ‍ॅव्हेंजर २२० ची सीट ७३७ मिलिमीटर, आपल्याकडच्या सगळ्यात ठेंगण्यांपैकी. पण वजन १६३ किलो आणि फूटरेस्ट पुढे, म्हणजे आखूड पायाला तिथे ताणावं लागतं. मिटिऑरची ७६५, पण १९१ किलो. स्प्लेंडरची ७८५, म्हणजे कागदावर या दोघींपेक्षा उंच, पण वजन फक्त ११२ किलो आणि अंगानं सडपातळ. एक टाच पक्की टेकली की ती गाडी सावरता येते. तिसरं, सस्पेन्शन खाली करून घेण्याच्या फंदात शक्यतो पडू नका. गाडीचं पोट खाली येतं आणि गावाकडचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत. त्यापेक्षा सीटवाल्याकडून पुढचा फोम दोन्ही कडांनी उतरवून घ्या. स्वस्त पडतं आणि नाही आवडलं तर परत भरता येतं.

मी स्प्लेंडर घेतली, फोम उतरवून. मित्र म्हणतात, आयटीवाला आणि स्प्लेंडर? म्हणोत बापडे. ट्रॉली थांबली की माझी टाच टेकते.

आणि हो, २०२४ मध्ये लूना विजेवर परत आली आहे. आत्या आता रिटायर झालीये, पण परवा फोनवर तिनं पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. "सीट तेवढीच खाली आहे ना रे?"